शिलेदारी आणि बारगिरी : कार्यालयीन संगणकव्यवहारातील खासगी मोबाईल व टॅब्लेटचा इतिहास

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांना बारगीर आणि शिलेदार हा भेद परिचित आहे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिवकालात पागेचे बळ वाढवून शिलेदारांना पागेच्या तंत्राने वागविण्याचे धोरण होते, असे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून दिसते. पुढे पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. मोहिमेपूर्वी त्यांना 'नालबंदी' या नावाने आगाऊ रक्कम देण्याची पद्धतही रूढ झाली. इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळात हीच व्यवस्था 'सिलेदार' या नावाने चालविली. पहिल्या महायुद्धासारख्या दीर्घ संघर्षात घोड्यांची भरपाई अशा खासगी व्यवस्थेतून होऊ शकली नाही, आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली.

साधन चाकराच्या मालकीचे असेल तर धन्याचा खर्च वाचतो, पण हुकमत पातळ होते. साधन धन्याचे असेल तर हुकमत राहते, पण पागेचा खर्च अंगावर पडतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जगभरातील कंपन्यांच्या आणि शासनसंस्थांच्या संगणकव्यवहारात नेमका हाच पेच नव्या रूपात उभा राहिला. कर्मचाऱ्यांनी स्वतः विकत घेतलेले मोबाईल आणि टॅब्लेट कार्यालयाच्या कामात शिरले. या घटनेची कथा बहुधा 'ग्राहकाच्या पसंतीने नोकरशाहीवर मिळविलेला विजय' अशा थाटात सांगितली जाते. या कथेत तथ्य आहे, परंतु ती अर्धी आहे. मालकी कर्मचाऱ्याकडे आणि हुकमत मालकाकडे अशी जी फाळणी या काळात घडून आली, तिचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मक्तेदारीला पहिला तडा

१९७०च्या दशकापर्यंत मोठ्या संस्थांमधील संगणक हे पूर्णतः पागेचे घोडे होते. वातानुकूलित दालनातील महासंगणक, त्याची देखभाल करणारा स्वतंत्र विभाग आणि त्या विभागाकडे लेखी मागणी करून आठवडाभर अहवालाची वाट पाहणारे इतर सारे, अशी ती रचना होती. या मक्तेदारीला पहिला तडा मोबाईलने दिला नाही. तो हिशेबाच्या तक्त्याने दिला. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी आपले प्राध्यापक फळ्यावर आर्थिक तक्ता मांडत असल्याचे पाहिले. एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे कित्येक आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने करावे, या कल्पनेतून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली ॲपल-२ या घरगुती समजल्या जाणाऱ्या संगणकासाठी विक्रीस आले. (फळा-खडूने संगणकयुगाला दिलेली ही देणगी अध्यापकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.)

याचा परिणाम असा झाला की लेखा आणि वित्त विभागांतील अधिकारी संगणक विभागाला न विचारता ॲपल-२ विकत घेऊ लागले. कोणी तो विभागाच्या किरकोळ खर्चात बसविला, तर कोणी स्वतःच्या पैशाने आणला. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा या चोरवाटेला राजमार्गाची प्रतिष्ठा मिळाली. संगणक विभागांनी प्रथम विरोध केला, नंतर दुर्लक्ष केले आणि अखेरीस ही यंत्रे आपल्या ताब्यात घेऊन त्यांना जाळ्याने जोडले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टेबलावरचा संगणक पुन्हा पागेत दाखल झाला होता. कोणती प्रणाली चालवावी, कोणता परवलीचा शब्द किती दिवसांनी बदलावा, हे सारे विभाग ठरवू लागला. बाहेरून शिरकाव, मग विरोध आणि शेवटी ताबा, हा क्रम पुढे मोबाईलच्या बाबतीतही दिसतो. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. टेबलावरचा संगणक ताब्यात घेताना कंपनीने त्याचा खर्चही स्वीकारला होता.

खिशातील यंत्रे

हातात धरून चालविण्याच्या संगणकाचे प्रयत्न तसे जुने आहेत. १९८९ साली आलेला 'ग्रिडपॅड' हा लेखणीने चालणारा फलक-संगणक गोदामातील मोजदाद, पाहणी अशा फिरतीच्या कामांसाठी कंपन्यांनी घेतला. तो कर्मचाऱ्याच्या हाती असला तरी संस्थेच्या मालकीचा होता. ॲपलचा 'न्यूटन' १९९३मध्ये आला, गाजला आणि हस्ताक्षर ओळखण्यातील चुकांमुळे थट्टेचा विषय झाला. ग्रिडपॅडचे अभिकल्पक जेफ हॉकिन्स यांनी नंतर पाम ही कंपनी स्थापन केली. यंत्राचा आकार ठरविताना ते लाकडाचा एक ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि तोच जणू यंत्र आहे असे समजून वापरीत. १९९६मध्ये आलेला 'पाम पायलट' खऱ्या अर्थाने खिशात मावणारा होता आणि त्याची किंमत नोकरदाराला स्वतःच्या पगारातून परवडणारी होती. तो घरी विकत घेतला जाई आणि कार्यालयातील संगणकाला जोडला जाई. एक कळ दाबली की भेटीगाठींची यादी, पत्ते, टिपणे या दोहोंमध्ये सारखी होत. कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते कंपनीच्या भिंतीबाहेर पडण्याची ही पहिली सर्रास वाट होय. तिच्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही, कारण पाम पायलट स्वतःहून कोठे संदेश पाठवीत नव्हता.

याच सुमारास कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीने उलट दिशेने मार्ग काढला. १९९९मध्ये आलेला तिचा 'ब्लॅकबेरी' खऱ्या अर्थाने पागेचा घोडा होता. त्याचा सर्व्हर कंपनीच्या आवारात बसे, संदेश कूटबद्ध होऊन जात आणि हरवलेले यंत्र दुरून पुसून टाकता येई. छायाचित्रक चालू ठेवावा की बंद, इतक्या बारीकसारीक गोष्टींबाबतही व्यवस्थापकाला नियम लावता येत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टनमधील दूरध्वनीची जाळी कोलमडली असताना ब्लॅकबेरीवरील संदेश पोहोचत राहिले. त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाने आपल्या सदस्यांना ही यंत्रे पुरविली. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कमरेला ब्लॅकबेरी असणे हे जणू पदचिन्ह झाले.

या यंत्राच्या सुरक्षिततेचा एक प्रसंग भारतात घडला. २००८मध्ये आणि पुन्हा २०१०मध्ये केंद्र शासनाने ब्लॅकबेरीवरील संदेश तपासयंत्रणांना वाचता आले पाहिजेत असा आग्रह धरला. ऑगस्ट २०१० अखेरची मुदत देऊन सेवा बंद करण्याचा इशाराही दिला. उद्योगांच्या सेवेतील कूटकिल्ल्या ज्या त्या ग्राहक-कंपनीकडे असतात, आपल्याकडे नसतात, ही रिसर्च इन मोशनची भूमिका होती. पुढे कंपनीने मुंबईत सर्व्हर बसविला आणि सामान्य ग्राहकांच्या संदेशसेवेपुरती वाट काढली गेली. उद्योगांच्या पत्रव्यवहाराचा प्रश्न तसाच राहिला. या वादात शासन, यंत्रनिर्माता आणि ग्राहक-कंपनी असे तीन पक्ष होते. ज्याच्या हातात ते यंत्र होते, त्या कर्मचाऱ्याला चौथा पक्ष मानण्याची गरज कोणालाच वाटली नाही. यंत्र त्याचे नव्हते, त्यामुळे ते स्वाभाविकही होते.

टॅब्लेटचे दोन जन्म

नोव्हेंबर २००१मध्ये लास व्हेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी टॅब्लेट संगणक सादर केला. पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा वैयक्तिक संगणक याच रूपाचा असेल, असे भाकीतही त्यांनी वर्तविले. पुढील वर्षी ही यंत्रे बाजारात आली. त्यांत टेबलावरची विंडोज प्रणाली जशीच्या तशी बसविली होती. तिच्या लहान लहान खुणांवर लेखणीचे टोक नेमके टेकविणे कष्टाचे होते, यंत्र जड होते आणि किमतीने लॅपटॉपहून महाग होते. रुग्णालये, विमा-पाहणी अशा काही क्षेत्रांपलीकडे ते गेले नाही. हे अपयश केवळ तांत्रिक होते असे म्हणता येत नाही. ते यंत्र खरेदी-विभागासाठी बनविलेले होते. ज्याने ते दिवसभर हातात धरायचे त्याला ते हवेसे वाटावे, असा विचार त्यात अभावानेच आढळतो.

२७ जानेवारी २०१० रोजी ॲपलने जाहीर केलेल्या आयपॅडबाबत याच्या नेमके उलट घडले. याची पूर्वतयारी आयफोनने केली होती. जून २००७मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनकडे माहिती तंत्रज्ञान विभागांनी खेळणे म्हणून पाहिले आणि त्या वेळी ते चुकीचेही नव्हते. कार्यालयीन टपालाशी त्याची नीट जोडणी होत नव्हती आणि हरवल्यास तो दुरून पुसता येत नव्हता. जुलै २००८मधील दुसऱ्या प्रणालीने मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज टपालसेवेशी जोडणी दिली आणि दुरून पुसण्याची सोयही दिली. तेव्हापासून कर्मचारी, आणि विशेषतः वरिष्ठ अधिकारी, 'माझ्या फोनवर टपाल द्या' असा आग्रह धरू लागले.

या टप्प्यावरील एक घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा तळटीपेपुरती येते, परंतु ती अधिक लक्ष देण्याजोगी आहे. कंपनीचा सर्व्हर जोडणी देण्यापूर्वी फोनला विचारतो : तुझ्यातील साठा कूटबद्ध आहे काय? आयफोनच्या जुन्या नमुन्यांत तशी सोयच नव्हती, तरीही ते 'होय' असे उत्तर देत आणि आत प्रवेश मिळवीत. सप्टेंबर २००९मधील ३.१ या प्रणालीने ही चूक दुरुस्त केली. फोन खरे सांगू लागले आणि त्याच दिवसापासून अनेक कंपन्यांच्या सर्व्हरांनी त्यांना बाहेर काढले. मोगल मनसबदार हजिरीच्या दिवशी भाड्याचे घोडे उभे करीत. त्यावर उपाय म्हणून अकबराच्या काळात घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचा चेहरा नोंदविण्याची पद्धत पक्की झाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. खासगी साधनावर विसंबणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला लवकरच हजिरीची आणि डागाची गरज भासते. मोबाईलच्या बाबतीत ती गरज जून २०१०मध्ये पुरी झाली. आयफोनच्या चौथ्या प्रणालीत बाह्य व्यवस्थापकाला फोनची नोंदणी करण्याची, त्यावर नियम लादण्याची आणि तो पुसण्याची अधिकृत वाट उपलब्ध झाली.

आयपॅड ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आला आणि ८० दिवसांत ३० लाख विकले गेले. भारतात तो जानेवारी २०११च्या अखेरीस पोहोचला. अमेरिकेतील १०० सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक कंपन्या आयपॅड वापरत आहेत वा अजमावत आहेत, असे ॲपलने जुलै २०१०मध्येच सांगितले. हा विक्रेत्याचा दावा आहे हे ध्यानात घेऊनही त्यातून दिशा कळते. यंत्राने कार्यालयात प्रवेश केला तो वरच्या दाराने. संचालक मंडळाची जाडजूड कागदपत्रे पडद्यावर वाचू इच्छिणाऱ्या अध्यक्षाला 'हे साधन मान्य यादीत नाही' असे सांगण्याची हिंमत कोणत्या संगणक विभागात असणार? अध्यक्षासाठी उघडलेले दार मग विक्री प्रतिनिधीसाठी बंद ठेवणे कठीण झाले.

याच काळात खास उद्योगांसाठी म्हणून जे टॅब्लेट निघाले त्यांची गत पाहण्यासारखी आहे. ब्लॅकबेरीचा 'प्लेबुक' एप्रिल २०११मध्ये आला. टपालासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या या यंत्रात आरंभी स्वतःची टपालसोयच नव्हती. त्यासाठी ब्लॅकबेरी फोन जवळ बाळगावा लागे. एचपीचा 'टचपॅड' जुलै २०११मध्ये बाजारात आला आणि सात आठवड्यांत गुंडाळला गेला. सिस्कोने 'सियस' हा निखालस व्यावसायिक टॅब्लेट जून २०१०मध्ये जाहीर केला होता. मे २०१२मध्ये तो थांबविताना कंपनीने आपल्याच पाहणीचा दाखला दिला. त्या पाहणीतील ९५ टक्के संस्थांनी कर्मचाऱ्यांची खासगी साधने कोणत्या ना कोणत्या स्वरूपात कामासाठी मान्य केली होती. कंपन्या पागेसाठी घोडे घेईनाशा झाल्या आहेत, अशी ही एका घोडेविक्याची कबुलीच होती.

नावाचा जन्म आणि हुकमतीचे स्थलांतर

'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस', म्हणजे 'आपले साधन आपणच आणा', हा शब्दप्रयोग २००४च्या आसपास तांत्रिक लेखनात दिसू लागतो. बीवायओडी हे त्याचे आद्याक्षरी रूप उद्योगजगतात रूढ झाले ते मात्र २००९नंतर. त्या वर्षी इंटेलने आपले कर्मचारी खासगी साधने आणीत असल्याची दखल घेतली आणि त्यांना रोखण्याऐवजी नियमांत बसविण्याचे ठरविले. ऑगस्ट २०१२मध्ये अमेरिकी शासनानेही संघीय विभागांसाठी या विषयावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शब्दप्रयोगाची आज्ञार्थी रचना अर्थपूर्ण आहे. 'आणण्याची मुभा' या अर्थाने सुरू झालेल्या गोष्टीला 'आणा' हे नाव मिळाले.

आयबीएमचे उदाहरण या संक्रमणावर चांगला प्रकाश टाकते. सुमारे ४ लाख कर्मचाऱ्यांच्या या कंपनीने २०१०मध्ये खासगी साधनांना मान्यता देणारे धोरण स्वीकारले. २०१२पर्यंत सुमारे ८० हजार कर्मचारी, कंपनीने दिलेल्या ब्लॅकबेरीखेरीज, अन्य फोन व टॅब्लेटवरून अंतर्गत जाळ्यात येत होते आणि त्यांतील बरीच साधने स्वखरेदीची होती. कर्मचारी कंपनीचे टपाल सार्वजनिक सेवांकडे वळवीत असल्याचे आणि कागदपत्रे ड्रॉपबॉक्ससारख्या ठिकाणी ठेवीत असल्याचे आढळले. कंपनीने मग अशा सेवांवर बंदी घातली. आयफोनमधील 'सिरी' या बोलक्या सहायकाला विचारलेले प्रश्न बाहेरच्या सर्व्हरवर जातात म्हणून तिलाही कामाच्या फोनवर मनाई झाली. फोन कर्मचाऱ्याचा, त्याचे पैसेही त्याचेच, पण त्यातील कोणती सोय चालू राहील हे कंपनी ठरविणार, असा हा व्यवहार होता. या धोरणाने पैसे वाचलेले नाहीत, असे आयबीएमच्या मुख्य माहिती अधिकारी जीनेट होरान यांनी २०१२मध्ये स्पष्ट केले होते. खर्चबचतीचे आमिष दाखवून हे धोरण विकणाऱ्या सल्लागारांनी या विधानाकडे फारसे लक्ष दिल्याचे दिसत नाही.

साधनांचे व्यवस्थापन करणाऱ्या प्रणालींचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. मोबाईलआयर्न, एअरवॉच, गुड टेक्नॉलॉजी ही त्यांतील काही नावे होत. २०१४मध्ये व्हीएमवेअरने एअरवॉच सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरून या बाजारपेठेच्या विस्ताराची कल्पना यावी. आरंभीच्या या प्रणालींचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे संपूर्ण फोन पुसणे. कंपनीचे दोन संदेश आणि घरातील मुलाच्या वाढदिवसाची दोनशे छायाचित्रे यांत ती भेद करीत नसे. २०१३मध्ये टेक्सासमधील एका बांधकाम कंपनीत हेच घडले. नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा खासगी आयफोन कंपनीने दुरून पुसला आणि त्याची कौटुंबिक छायाचित्रे नाहीशी झाली. तो संघीय न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१४च्या निकालात, ज्या संगणकविषयक कायद्यांचा त्याने आधार घेतला त्यांच्या व्याख्येत हे नुकसान बसत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

तांत्रिक उत्तर सावकाश आले. सॅमसंगने २०१३मध्ये, अँड्रॉइडने २०१४-१५मध्ये आणि ॲपलने २०१९मध्ये एकाच फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा करण्याची सोय पुढे आणली. कंपनीला आपला कप्पा तेवढा पुसता यावा आणि उरलेल्या फोनमध्ये डोकावता येऊ नये, हे तिचे तत्त्व होय. ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि साधन स्वीकारले जाण्यापासून कप्पे सर्वत्र उपलब्ध होईपर्यंतचा जवळपास दशकाचा काळ कर्मचाऱ्यांनी पूर्ण पुसणीच्या अटीवर सही करून काढला. ती सही त्यांतील कितीजणांनी वाचून केली असेल, हा प्रश्न अलाहिदा.

खर्च आणि वेळ

नालबंदीचा प्रश्न न्यायालयात पोहोचला तो कॅलिफोर्नियात. ऑगस्ट २०१४मध्ये तेथील अपील न्यायालयाने श्वान्स होम सर्व्हिस या कंपनीविरुद्धच्या दाव्यात महत्त्वाचा निर्णय दिला. कामासाठी खासगी मोबाईल वापरणे आवश्यक असेल, तर मालकाने देयकाचा वाजवी हिस्सा दिलाच पाहिजे. कर्मचाऱ्याची योजना अमर्याद बोलण्याची असली आणि त्याला एक पैसाही जादा पडला नसला, किंवा देयक घरातील दुसऱ्या कोणी भरले असले, तरी हे दायित्व टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यामागचा तर्क मूलगामी आहे. कर्मचाऱ्याचे किती नुकसान झाले हा प्रश्न गौण ठरतो. मालकाने आपला धंद्याचा खर्च दुसऱ्यावर ढकलला काय, हा खरा प्रश्न आहे.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब अवघड ठरला. खिशातल्या एकाच यंत्रात घर आणि कार्यालय नांदू लागल्यावर कामाचा दिवस कोठे संपतो हे सांगता येईना. जर्मनीत फोक्सवागेनने कामगार प्रतिनिधींशी झालेल्या करारानुसार २०११च्या अखेरीस काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवरील टपाल पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने थांबविण्यास सुरुवात केली. हे शक्य झाले, कारण ती यंत्रे कंपनीची होती. पागेचे दार बंद करणे कंपनीच्या हातात होते. खासगी फोनवरील संदेशसेवेला असे दार नसते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्कावर वाटाघाटी करणे मोठ्या आस्थापनांना कायद्याने बंधनकारक झाले. त्याच आशयाचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांच्या नेहमीच्या वाटेने ते गेले, म्हणजे कायदा झाला नाही.

परत केलेले घोडे

महाराष्ट्रात या प्रश्नाने वेगळेच वळण घेतले, आणि तेही उद्योगांच्या बाहेर. पोषण अभियानांतर्गत अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाईल संच दिले होते. बालकांची वजने, उंची, आहारवाटप यांच्या नोंदी त्यावरून पाठवायच्या होत्या. म्हणजे येथे व्यवस्था बारगिरीची होती. मार्च २०२१मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे उपयोजन आले आणि संचांची क्षमता अपुरी पडू लागली. ते तापत, मध्येच थांबत. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडे, आणि उपयोजनाची भाषा इंग्रजी होती. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे संच शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. शिलेदार होण्यास नकार देणे समजण्याजोगे आहे. पण मिळालेला घोडा पागेत नेऊन बांधणे हे अधिक बोलके होते. निकृष्ट सरकारी साधन हातात असले की काम अखेर स्वतःच्या फोनवरच येऊन पडते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. अल्प मानधनावरील सेविकेच्या घरात तो एकमेव फोन असू शकतो आणि त्याच्यावर मुलांची शाळाही अवलंबून असू शकते, ही बाब 'आपले साधन आणा' या धोरणाच्या मूळ मांडणीत कोठेच नव्हती. ते धोरण आयपॅड आणणाऱ्या अध्यक्षाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते.

मार्च २०२०नंतर महाविद्यालयीन अध्यापकही एका रात्रीत शिलेदार झाले. व्याख्याने, हजेरी, उत्तरपत्रिकांची छायाचित्रे, विद्यार्थ्यांच्या शंका हे सारे ज्याच्या त्याच्या फोनवर आणि ज्याच्या त्याच्या डेटापॅकवर चालले. आणीबाणी ओसरल्यावरही विद्यार्थ्यांचे आणि विभागांचे गट त्या फोनवर तसेच राहिले.

दफ्तराचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू आणखी निराळी आहे. खासगी साधनावर चाललेला कारभार दफ्तरी दाखल होत नाही. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या वित्तबाजार नियामकांनी जेपी मॉर्गनच्या रोखेव्यवसायाला एकूण २० कोटी डॉलरचा दंड केला. तेथील कर्मचारी, त्यांत वरिष्ठही आले, खासगी फोनवरील व्हॉट्सॲप व तत्सम मार्गांनी कामाचे बोलणे करीत होते आणि त्याची जपणूक झाली नव्हती. पुढील वर्षी आणखी अनेक बँकांवर अशाच कारवाया झाल्या. ब्रिटनमध्ये कोविड-चौकशी आयोगाला माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सॲप संदेश मिळविण्यासाठी २०२३मध्ये न्यायालयीन लढ्याला तोंड द्यावे लागले. त्यात शासन हरले आणि मंत्रिमंडळ कार्यालयाला ते संदेश द्यावे लागले.

पेशवे दफ्तरात मोहिमांच्या हजिऱ्या आणि हिशेब आहेत. शिलेदाराचा घोडा खासगी असला तरी त्याच्याविषयीचा कागद सरकारी होता, म्हणून आज तो पुण्यात वाचता येतो. मोबाईलच्या बाबतीत घोड्याबरोबर कागदही खासगी झाला. अमेरिकेने २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, खासगी खात्यावरून झालेला शासकीय संदेशव्यवहार २० दिवसांच्या आत अधिकृत खात्यात उतरविण्याचे बंधन घातले. भारताच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३मध्ये संगणकाने 'किंवा अन्य साधनाने' निर्माण झालेली सामग्रीही अभिलेख मानली आहे. व्याख्येच्या दृष्टीने अधिकाऱ्याच्या स्वतःच्या फोनवरून विभागाच्या गटात गेलेला आदेशही तिच्यात बसू शकतो. निवृत्तीच्या वेळी टेबलावरील संगणक, चाव्या आणि नस्त्या यांचा कार्यभार लेखी सोपविला जातो. त्या गटातील आदेश मात्र फोनबरोबर घरी जातात आणि फोन बदलताना बहुधा तेथेच संपतात.